राखून ठेवलेली शिवी

मला शिव्या चांगल्या येतात. ही बढाई नाही, आमच्या वाडीत कुणालाही विचारा. एक पथ्य मात्र मी जन्मभर पाळलं. कुणाच्या आईबहिणीला मी शिवीत कधी आणलं नाही. माझ्या शिव्या सगळ्या शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या. तुझ्या वालाला कीड लागो, तुझ्या पिठल्यात जन्मभर गुठळ्या होवोत, तुझ्या धोतराची गाठ भर बाजारात सुटो, अशा धर्तीच्या. माझ्या अंगात हा गुण आहे हे पहिल्यांदा ओळखलं माझ्या थोरल्या लेकीने. ती बाजेवर बसून माझ्या शिव्यांची परीक्षा घ्यायची. "आजची बरी होती बाबा. कालची चांगली होती." मी कितीही तापलेला असलो तरी मग मनातल्या मनात कालची आठवून बघायचो.

तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. धाकटी मुलं मोठी झाली, शिकली, आणि ताईबद्दल काहीतरी लिहून ठेवा म्हणून मागे लागली. मी टाळत होतो. लिहायला बसलं की आधी दुखणंच पुढं येतं, आणि वाचणाऱ्याला वाटणार, बिचारी पोर, बिचारे आईबाप. तसं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिच्या आजारपणाच्या त्या चार-पाच वर्षांत आमच्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. तेच लिहायचं राहून जाईल म्हणून अखेर बसलो.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. पंधरा-वीस घरं. पावसात भात, भात कापला की त्याच ओलीवर वाल, वरकस, हलक्या जमिनीत नाचणी. एवढ्यात ज्यांचं भागत नाही ते मुंबईला जातात. माझा धाकटा भाऊ गिरणीत होता. मी मराठी सातवी पास होऊन गावीच राहिलो, कारण कुणाच्या तरी हाताखाली काम करण्याजोगा माझा स्वभाव नाही. हे मी म्हणत नाही, माझा बाप म्हणायचा.

सहाव्या वर्षी, एका पावसाळ्यात, पोरीला ताप आला आणि गुडघे सुजले. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट. निर्गुडीचा शेक झाला, लेप झाले. मग कुणीतरी म्हणालं, सवला घेऊन जा. महाडच्या पुढे सवला गरम पाण्याचे झरे आहेत आणि सांध्यांच्या दुखण्याला ते पाणी चांगलं, असं आमच्याकडे सगळे मानतात. वालाची पेरणी उरकल्यावर मी गाडीत पेंढा घातला, त्यावर घोंगडी, घोंगडीवर पोर, आणि निघालो.

सवच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून तीन-चार म्हातारे बसले होते आणि प्रत्येक जण आपापल्या दुखण्याची कहाणी सांगत होता. एकाचा खांदा, एकाची कंबर, एकाचा तर फक्त अंगठाच, पण त्याचं सांगणं सगळ्यांत लांबलचक. माझी लेक हनुवटीपर्यंत पाण्यात बसून सगळं नीट ऐकत होती. सगळ्यांचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "माजे दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे, हे मनगट आनि कदी कदी ही बोटं."  मग अंगठेवाल्या आजोबांनी पाण्यातूनच हात जोडले आणि म्हणाले, "जिंकलीस गो बाय. आमी हरलो." परतीच्या वाटेवर ती सगळ्या रस्त्याला हे सांगत होती, बैलांनासुद्धा. पाण्याने सूज उतरली होती. घाटीच्या खाली गाडी थांबवायला लावून ती उतरली आणि बैलांच्या पुढे पुढे चालत राहिली. मी गाडीत बसून तिची ती पाठ बघत होतो. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत तो दिवस मी वर धरतो.

पुढच्या पावसाळ्यात दुखणं परत आलं, आणि या खेपेला सांधे सोडून छातीत शिरलं. आडापासून दारापर्यंत आली तरी धाप लागायची. महाडच्या डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. काळजाला आत झडपा असतात, त्यातली एक नीट मिटत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. पळायचं नाही, चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही, औषध चुकवायचं नाही. मी विचारलं, बरी कधी होईल? ते म्हणाले, सांभाळलीत तर बरीच वर्षं काढेल. मी विचारलं होतं एक आणि त्यांनी उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं. मला ते तेव्हाच कळलं होतं.

घरी येताना पोरीने विचारलं, डॉक्टरला आत काय ऐकू आलं? मला खोटं बोलता येत नाही, रागीट माणसांना सहसा येत नाही. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने वाडीतली पोरं गोळा केली आणि मोठ्या दिमाखात सांगितलं, "माज्या काळजाचं कवाड नीट लागत नाय." समोरच्या आळीतला एक पोरगा म्हणाला, "मंग काडून होळीत टाकूया." त्याच्यावर माझी बायको लाटणं घेऊन धावली. लेक मात्र इतकी हसली की तिला धाप लागली आणि पाठ चोळावी लागली. पुढे कितीतरी दिवस तो पोरगा दिसला की ती विचारायची, "कदी नेतोस रे कवाड?"

तिला जमिनीवरून उठता-बसता त्रास व्हायचा, म्हणून पोलादपूरच्या सुताराकडून मी शिवणीच्या लाकडाची बाज करवून घेतली. सुंभाने विणलेली. ती ओटीवर टाकली. तिथून गल्ली दिसायची, गल्लीतला आंबा दिसायचा, समोरच्या घराची ओटी दिसायची आणि घरांच्या पलीकडे होळीचा माळ. बाजेचा एक पाय आखूड निघाला. अंग हलवलं की टक-टक वाजायचं. सुतार पाय बदलून द्यायला तयार होता, तिने हात लावू दिला नाही. आईला हाक मारायला दम खर्च करण्यापेक्षा बाज वाजवणं सोपं, हे तिच्या लक्षात आलं होतं. एकदा टक म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे गंमत आहे, बघायला ये. माझी बायको पाण्याला जेवढ्या घाईने जायची त्याहून जास्त घाईने गमतीला जायची.

मला त्या बाजेचा पहिल्या दिवसापासून राग होता. धडधाकट पोर जिच्यावर दिवसभर बसणार नाही, अशी ती वस्तू. मी येता-जाता तिला लाथ मारायचो. लेक वर बसलेली असली तर हळू.

आता होळीचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्या वाडीत शिमग्याच्या होळीचं लाकूड पोरं चोरून आणतात. कोकणात बहुतेक गावांत तसंच आहे, पण आमच्याकडचे कायदे कडक. दिलेलं लाकूड होळीला चालत नाही, चोरलेलंच पाहिजे. चोरायचं ते दिवसा, कारण अंधारात काय कुणीही चोरेल. आणि चोरी झाल्यावर धन्याने शिवी दिली पाहिजे. शिवी मिळेपर्यंत ते लाकूड माळाच्या कडेला पडून राहतं. एकदा शिवी पडली की ते होळीचं झालं, मग धन्याला परत मागता येत नाही. हे कायदे कुणी केले ठाऊक नाही, पण ते मोडलेले मी पाहिलेले नाहीत. साहजिकच माझ्या घरच्या लाकडाला वाडीत फार मान होता. इतर लोक एखादी तोंडदेखली शिवी देऊन मोकळे व्हायचे. माझ्याकडची ऐकायला पोरं माळावरून परत यायची.

बाजेवरच्या पहिल्या शिमग्यात ती एक सबंध दुपार रडली. बाकीची पोरं लाकडं पळवत होती आणि ही ओटीवर. दुसऱ्या दिवशी रडणं थांबलं आणि ती नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने पोरांना बोलावून घेतलं. झालं असं होतं की आख्ख्या वाडीत कोण केव्हा आडवं होतं, कोण केव्हा आडावर जातं, कुणाचा कुत्रा भुंकतो आणि कुणाचा नुसता शेपूट हलवतो, हे बाजेवरून तिला सगळं दिसत होतं. धावणाऱ्या पोरांना ते कधीच दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्यांची सरदार झाली.

माझा भाऊ शिमग्याला मुंबईहून आला, बोटीने बाणकोट, तिथून मचव्यात बसून दासगाव, आणि पुढे पायी. येताना त्याने पुतणीला वेणी घालताना बघायला पत्र्याच्या चौकटीचा एक छोटा गोल आरसा आणला. वेणी तिने त्यात किती वेळा बघितली देव जाणे. आमच्या ओटीवर दुपारी ऊन येतं. त्या उन्हात आरसा धरून ती गल्लीतल्या आंब्याच्या खोडावर कवडसा पाडायची. कवडसा नुसता थांबला तर धनी जागा आहे. कवडसा नाचायला लागला की या.

पहिला बळी मीच गेलो. जेवून मी तिच्या बाजेशेजारी घोंगडीवर पडलो होतो. "बाबा, डोकं दाबू?" असं तिने फार मायेने विचारलं. एवढीशी बोटं, दुखरी, तरी बापाचं डोकं दाबते म्हणून माझा ऊर भरून आला आणि मी घोरायला लागलो. जागा झालो तो गाय माझ्या तोंडाशी उभी. गोठ्याचं कवाड गेलं होतं. मी अंगणात उभा राहून जी दिली ती मला अजून आठवते. "मेल्यांनो, तुमच्या भाकऱ्या तव्याला चिकटोत, तुमच्या म्हशी दुसऱ्याच्या दारात दूध देवोत, तुमची लग्नं ठरोत आणि वरातीत बँड बेसूर वाजो." माझी प्रत्येक शिवी ‘मेल्यांनो’ने सुरू व्हायची, तो माझा रिवाजच होता. मागून आवाज आला, "ही चांगली होती." वळून बघतो तर तिच्या हातात आरसा. मी आधी तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. घरात मीच एकटा बेसावध होतो.

दुसरी मोठी चोरी समोरच्या म्हाताऱ्याची. होळीच्या पूजेचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे, त्यामुळे वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. नव्या छपरासाठी त्याने सागाचे वासे आणून अंगणात रचले होते आणि शिमगाभर तो त्या वाशांवरच बसून असायचा. जेवायलासुद्धा तिथंच. पोरं हरली. तेव्हा लेकीने म्हाताऱ्याला निरोप पाठवला, "आजोबा, मला लय कंटाळा आलाय. वाघाची गोष्ट सांगायला येता काय?"

तरुणपणी वरंधच्या रानात म्हाताऱ्याला वाघ आडवा आला होता. तो वाघ दर वर्षी थोडा थोडा वाढत होता. आजारी पोरीने बोलावलं म्हणून म्हातारा आला, आमच्या ओटीवर गल्लीकडे पाठ करून बसला, आणि रंगात येऊन चक्क चार पायांवर उभा राहून डरकाळी फोडायला लागला. त्याच वेळी त्याच्या पाठीमागून, गल्लीतून, एक सागाचा वासा चालला होता. मग दुसरा. लेक डोळे मोठे करून म्हणत होती, "मंग आजोबा? मंग?" तिला भीती वाटतेय असं समजून म्हातारा आणखी जोरात गुरगुरला. मी दारात उभा होतो. मी तोंड उघडलं असतं तर म्हाताऱ्याचे वासे वाचले असते, पण मी उघडलं नाही. माझं कवाड गेलं तेव्हा तो फार हसला होता.

घरी गेल्यावर त्याला कळलं. तणतणत तो परत आला आणि आमच्या अंगणात उभा राहून त्याने वाडीतल्या यच्चयावत पोरांचा उद्धार केला. लेक शांतपणे ऐकत होती. त्याचा दम सरल्यावर ती म्हणाली, "आजोबा, वाघ झाडाखाली बसला व्हता. मंग काय झालं?"  म्हातारा पायरीवर टेकला. "काय व्हनार," तो म्हणाला, "बसला मेला सकाळपातूर." आणि गोष्ट पुरी करूनच घरी गेला. त्या वर्षानंतर म्हाताऱ्याने कुणालाही शिवी दिली की तो आधी आमच्या ओटीकडे बघायचा, कशी झाली म्हणून. ती बाजेवरून सांगायची, "बरी होती." त्याला ‘चांगली’ कधीच मिळाली नाही, आणि याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं.

शिमगा काही वर्षभर नसतो. बाकीच्या दिवसांत मी तिला अक्षरं शिकवली. आमच्याकडे पुस्तकं फारशी नव्हती, म्हणून महाडच्या बाजारातून साखर, हिंग काय येईल त्याच्या पुडीचे कागद ती वाचायची. कागद फाटलेला असला की पुढची बातमी ती स्वतःच रचायची. तिच्या बातम्यांत सगळे दावे गरीब माणूस जिंकायचा आणि सगळे न्यायाधीश जेवायला घरी जायचे. औषधाची पांढरी पूड भलतीच कडू असायची. ती घेताना ती माझ्याकडून एक शिवी मागायची, औषधाला. मी औषधाला शिवी दिल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. महाडच्या डॉक्टरांना तिने हे सांगितलं, तेव्हा ते चष्मा काढून हसले आणि मला म्हणाले, चालू ठेवा.

होळी पेटली की ओटीवरून तिचा उजेड दिसायचा, लोकांचा आवाज यायचा. मी दर वर्षी म्हणायचो, चल, पाठीवर घेऊन जातो. ती म्हणायची, "नको. मी चालत येईन. आनि ज्या वर्षी येईन त्या वर्षी ही बाज होळीत जायची."

"बाज मी आत्ता तोडून टाकतो," मी म्हणालो.

"तोडायची नाय. चोरायला पायजे. आनि शिवी तुमी द्यायची. नवी. आदी कुनालाच दिल्याली नाय अशी."

मी कबूल केलं. त्यानंतर ती अधूनमधून विचारायची, "झाली काय शिवी?" मी म्हणायचो, झाली. "मंग सांगा." मी म्हणायचो, राखून ठेवलीय. खरी गोष्ट अशी की शिवी झालेलीच नव्हती. नांगर धरून मी ती जुळवायला घ्यायचो, दोन शब्द चांगले सुचायचे, आणि तेवढ्यात बैल बांधावर चढायचा की ते शब्द त्याच्यावर खर्च व्हायचे.

शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या पायांवर सूज आली ती उतरलीच नाही. तिला आडवं पडता येईना. मी जमिनीवर घोंगडी टाकून भिंतीला टेकून बसायचो आणि ती माझ्या छातीला टेकून बसायची. त्याही दिवसांत तिने मला सांगितलं की बाबा, तुमच्या काळजाचं कवाड लय जोरात आपटतंय, जरा हळू लावा. पौषात, एका सकाळी, ऊन नुकतंच ओटीवर आलं होतं, तेव्हा ती तशीच माझ्या छातीला टेकून गेली. मला पुढे मुलं झाली, त्यांच्यावर माझा जीव आहे. पण ज्याला आपण जोडीदार म्हणतो, ज्याच्याबरोबर दिवस मजेत जातो, तशी माझी ती होती. त्या पोरीशिवाय मला करमत नव्हतं आणि आजही काही दिवशी करमत नाही.

तेराव्यापर्यंतचे दिवस झाल्यावर मी कुऱ्हाड घेऊन बाजेकडे गेलो. माझी बायको, जिने मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, बाजेच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. "ती चुलीत जायाची नाय," ती म्हणाली. "तिचं ठरलंय." मी कुऱ्हाड ठेवली. बाज ओटीवर होती तिथेच राहिली. तिच्यावर कुणी बसत नव्हतं. शिव्याही माझ्या तोंडातून गेल्या. बैल बांधावर चढला तर मी नुसता त्याला खाली उतरवायचो. बैलालाही ते चमत्कारिक वाटत असावं.

फाल्गुन आला. पोरं लाकडं जमवायला लागली. शेजारच्याचे ओंडके गेले, पलीकडच्यांचं जुनं उखळ गेलं, म्हाताऱ्याची बसायची फळीसुद्धा गेली. माझ्या दारची काटकी हलली नाही. मी मुद्दाम सरपण पुढच्या अंगणात आणून टाकलं. गोठ्याचं नवं कवाड बिजागरीतून ढिलं करून ठेवलं. दुपारी पडून मोठमोठ्याने घोरलो. पोरं गल्लीतून जायची ती पाय न वाजवता, मान खाली घालून. नंतर कळलं, म्हाताऱ्याने त्यांना बजावलं होतं, "यंदा त्या घराकडं बगायचं पन नाय." त्याने ते मायेपोटीच सांगितलं होतं, म्हणून त्याच्यावर चिडताही येईना.

माझी मात्र कोंडी झाली. बाज मी होळीला देऊ शकत नव्हतो, कारण दिलेलं चालत नाही. ठेवू शकत नव्हतो, कारण लेकीला शब्द दिला होता. ती चालत येणार होती ते राहिलं. निदान बाज तरी जायला हवी होती. होळीच्या सकाळी मी बायकोला म्हणालो, मीच उचलून माळावर टाकून येतो, कोण काय म्हणतो बघू. ती भात वैरत होती. वर न बघता म्हणाली, "जेवा आनि गप पडा." त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. मी वरणभात जेवलो आणि ओटीवर पडलो. या खेपेला घोरायचं सोंगही केलं नाही.

ऊन ओटीवर आलं. मी गल्लीकडे तोंड करून पडलो होतो. आंब्याच्या खोडावर कवडसा आला.

क्षणभर मला वाटलं, ती आहे. खरंच वाटलं. मग मी मान वळवली. बाजेच्या मागे, कोपऱ्यात, माझी बायको जमिनीवर बसली होती आणि दोन्ही हातांनी आरसा धरून होती. तिला सवय नव्हती. कवडसा खोडावरून घसरला, गल्लीभर भटकला, आणि समोरच्या ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या पागोट्यावर जाऊन थांबला. म्हाताऱ्याने माशी हाकलावी तसा हात हलवला. मग डोळ्यांवर हात धरून त्याने आमच्या ओटीकडे बघितलं. बायकोने आरसा खाली घेतला नाही. म्हातारा उठला, फाल्गुनातल्या त्या उकाड्यात त्याने घोंगडी घेतली, भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि घोंगडी डोक्यावरून ओढली. बायकोने कवडसा पुन्हा खोडावर नेला आणि नाचवला.

मी डोळे मिटले आणि घोरायला लागलो. अनवाणी पावलं पायऱ्या चढली. कुणीतरी कुणालातरी गप म्हणालं. बाज उचलताना आखूड पाय भुईला लागला, टक-टक. मग पावलं पायऱ्या उतरली आणि अंगणापलीकडे जाऊन थांबली.

ती थांबलीच. मला समजलं, पोरं शिवीसाठी थांबली आहेत. मी उठून ओटीच्या काठाशी आलो. बाज त्यांनी उलटी करून डोक्यावर घेतली होती, चारी पाय आभाळाकडे, आणि खाली सुंभाच्या आडून सगळी तोंडं माझ्याकडे बघत होती. ‘मेल्यांनो’ माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तो शब्द माझ्याच्याने उच्चारवेना. मागे बायको उभी होती.  इतकी वर्षं राखून ठेवलीय म्हणून सांगितलेली शिवी, आणि माझ्याजवळ तिचा एक शब्द नव्हता. मी नुसतं तोंड उघडलं.

"चोरांनो," मी ओरडलो, "माझ्या लेकीची बाज नेलीत. तुमच्या पायांना जन्मात विसावा न मिळो. तुम्हांला बसायला जागा न मिळो, पडायला वेळ न मिळो. डोंगर चढा, नद्या उतरा, धावून धावून तुमच्या टाचा झिजोत. तुमचे केस पिकोत, तुमचे दात पडोत, तुमची नातवंडं तुम्हांला म्हातारा म्हणोत, आणि तेव्हासुद्धा तुमच्या आया काठी टेकत तुमच्या मागे ‘थांबा रे, थांबा रे’ म्हणून ओरडत येवोत. आणि तुम्ही थांबू नका."

कुणी हललं नाही. मला वाटलं, ही शिवी झाली की नाही त्यांना समजलेलं नाही.

समोरच्या ओटीवरून, घोंगडीच्या आतून, म्हातारा म्हणाला, "चांगली व्हती."

मग पोरं बाज घेऊन माळाकडे धावत सुटली.